चष्म्याला औषधाचा मान मिळवून देणारे डॉ. डॉन्डर्स



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या जमातीतील थोर व्यक्तींची चरित्रे यावीत, हे योग्यच आहे. डॉ. ई. मोझेस आणि डॉ. जेरुशा झिराड या आपल्या नामवंत डॉक्टरांविषयी आपण पुष्कळ वाचले व ऐकले आहे. यंदा मात्र आम्ही एका परक्या देशाच्या आणि परक्या धर्माच्या डॉक्टरांची ओळख करून देत आहोत. हॉलंडमधील उत्रेख्त शहराचे हे नेत्रवैद्य आपल्या जमातीचे नव्हते, यहुदीही नव्हते. त्यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरी त्यांचे ऋण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या नाकावर आहे.

शब्बाथच्या सकाळी मंदिरात बसल्यावर सहज आजूबाजूला पाहावे. सिद्दूर उघडण्याआधी प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा हात खिशाकडे जातो, चष्म्याचे घर उघडते, काच रुमालाने पुसली जाते आणि मगच पान उलटते. चष्मा नसता तर आपल्यातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल तेवढेच म्हणता आले असते. चष्मा ही वस्तू फार जुनी आहे. युरोपात ती सातशे वर्षांपूर्वीही होती. पण कोणाला कोणता चष्मा द्यावा आणि का द्यावा, हे शास्त्र म्हणून मांडण्याचे मुख्य श्रेय प्राध्यापक फ्रान्सिस्कस कॉर्नेलिस डॉन्डर्स यांना जाते.

बालपण आणि शिक्षण

डॉन्डर्स यांचा जन्म २७ मे १८१८ रोजी हॉलंडच्या दक्षिणेकडील टिल्बर्ग या गावी झाला. नऊ भावंडांत ते शेंडेफळ. वरच्या आठही बहिणी, हा एकटा मुलगा. मुलगा झाल्याचा आनंद घरात फार दिवस टिकला नाही. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात वडील वारले आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार आईवर येऊन पडला.

सातव्या वर्षी त्यांना डाउझेल या खेडेगावातील शाळेत राहण्यास पाठवले. तेथे ते तेरा वर्षांचे होईपर्यंत शिकले. अकराव्या वर्षापासून आपल्याहून लहान मुलांना शिकवून ते आपल्या राहण्याजेवण्याचा थोडाफार खर्च भागवू लागले. शिकता शिकता शिकवण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली. पुढे बॉक्समेर येथील लॅटिन शाळेत त्यांचे शिक्षण झाले.

वैद्यकीचे शिक्षण तेव्हाही महाग होते. गरीब घरच्या हुशार मुलाला एक वाट मोकळी होती, ती म्हणजे सैन्याची. १८३५ मध्ये, सतराव्या वर्षी, ते उत्रेख्तच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. आपल्या जमातीतही लष्कराच्या नोकरीमुळे कित्येक घरांतील मुलांना शाळा आणि इस्पितळाचे शिक्षण मिळाले. त्यामुळे ही वाट आपल्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही.

१८४० मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळाल्यावर त्यांची नेमणूक व्लिसिंगेन या बंदरात लष्करी वैद्य म्हणून झाली आणि नंतर हेग येथे बदली झाली. १८४२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना उत्रेख्तच्या त्याच लष्करी विद्यालयात शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवण्यासाठी परत बोलावले. तेव्हापासून अखेरपर्यंत उत्रेख्त हेच त्यांचे गाव झाले.

डोळ्याच्या वाटेवर

डॉन्डर्स हे मुळात डोळ्यांचे डॉक्टर व्हायला निघालेले नव्हते. त्यांची ओढ होती ती शरीर कसे चालते हे समजून घेण्याची. पण पगार तुटपुंजा होता आणि १८४५ मध्ये लग्न झालेले होते. वरखर्चासाठी त्यांनी रुएटे या जर्मन वैद्याच्या नेत्ररोगावरील मोठ्या ग्रंथाचे डच भाषेत भाषांतर करायला घेतले. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्य समजून घ्यावे लागते. ते करता करता डॉन्डर्स यांना दिसून आले की डोळ्यांच्या वैद्यकीत किती गोष्टी नुसत्या अंदाजावर चालल्या आहेत. पैशासाठी घेतलेल्या कामाने त्यांना त्यांचा विषय मिळवून दिला.

१८४७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. १८५१ मध्ये लंडन येथे जगातील पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. देशोदेशीचे लोक ते पाहायला आले, त्यांत डॉन्डर्सही होते. तेथे त्यांची दोन माणसांशी गाठ पडली. एक बर्लिनचा तरुण नेत्रवैद्य अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे आणि दुसरे लंडनचे शल्यवैद्य विल्यम बोमन. तिघांची मैत्री जमली ती कायमची. त्याच सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहता येईल असे यंत्र तयार केले होते. तोपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा कोणी नीट पाहिलेला नव्हता. बाहुलीच्या मागे काळोख आहे, एवढेच वैद्यांना ठाऊक होते. आता तो काळोख उजळणार होता.

उत्रेख्तला परतल्यावर डॉन्डर्स यांनी डोळ्यांचे रोगी तपासण्यास सुरुवात केली आणि लवकरच त्यांच्याकडे लांबलांबून लोक येऊ लागले. १८५२ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले.

आंधळे नव्हे, दमलेले डोळे

त्या काळी चष्म्याची काय स्थिती होती, हे समजल्याशिवाय डॉन्डर्स यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. चष्मा बाजारात, जत्रेत किंवा दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडे मिळे. त्याच्या पेटीतले चार-सहा चष्मे नाकावर ठेवून पाहायचे आणि ज्यातून बरे दिसेल तो घ्यायचा. शिकलेले डॉक्टर या धंद्याकडे तुच्छतेने पाहत. इतकेच नव्हे तर फुगीर भिंगाचा चष्मा लहान वयात लावल्यास डोळे कायमचे बिघडतात, असे नावाजलेले वैद्यही सांगत.

अशा वेळी एका विशिष्ट प्रकारच्या रोग्यांचे फार हाल होत. हे रोगी बहुधा तरुण असत. कोणी शिवणकाम करणारी मुलगी, कोणी घड्याळजी, कोणी कचेरीतला लेखनिक, कोणी विद्यार्थी. सकाळी कामाला बसले की स्वच्छ दिसे. अर्ध्या-एक तासाने अक्षरे किंवा टाके अंधूक होत, कपाळ दुखू लागे, डोळ्यांना पाणी येई. थोडा वेळ डोळे मिटून बसले की पुन्हा दिसे आणि पुन्हा तोच त्रास सुरू होई. डोळा वरून तर निरोगी दिसे. मग वैद्यांना वाटे की हा आतल्या शिरांचा रोग आहे आणि पुढे अंधत्व येणार. कोणाला जळवा लावत, कोणाला जुलाब देत, कोणाला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यायला सांगत. शेवटी सल्ला मिळे तो एकच: हा धंदा सोडा, डोळ्यांना ताण पडणार नाही असे काही काम पाहा.

कष्ट करून खाणाऱ्या माणसाला धंदा सोडायला सांगणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कोकणातील गावे सोडून मुंबईला आलेले आपले वाडवडील कचेरीत कारकुनी आणि कारखान्यात सुतारकाम करीत. डोळे हेच त्यांचे भांडवल होते. हॉलंडमधल्या त्या शिवणाऱ्या मुलीची गोष्टही तीच.

डॉन्डर्स यांनी या रोग्यांचे डोळे मोजले आणि १८५८ मध्ये उत्तर दिले. हे डोळे रोगी नाहीत. ते नेहमीपेक्षा थोडे आखूड आहेत. डोळा आखूड असला की बाहेरून आलेले किरण आतल्या पडद्यावर एकत्र न येता त्याच्या मागे एकत्र येऊ पाहतात. डोळ्यातले भिंग जास्त फुगवून माणूस ही उणीव भरून काढतो, पण त्यासाठी आतल्या स्नायूला सतत राबावे लागते. निरोगी डोळा लांबचे पाहताना विश्रांती घेतो. या डोळ्याला लांबचे पाहतानाही विश्रांती नाही, आणि जवळचे काम आले की दुप्पट श्रम. म्हणून तो दमतो. उपाय अगदी सोपा होता. योग्य त्या ताकदीचे फुगीर भिंग डोळ्यांसमोर ठेवायचे. ज्या चष्म्याला वैद्य घाबरत होते, तेच खरे औषध निघाले. ज्यांना अंधत्वाची भीती घातली होती, ती माणसे चष्मा लावून आपल्या कामावर परत जाऊ लागली.

असे रोगी नकळत स्नायू ताणून धरत असल्याने डोळ्याचा खरा दोष लपून राही. तो उघड व्हावा म्हणून डॉन्डर्स आधी अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून तो स्नायू सैल करीत आणि मग मोजमाप घेत. आजही मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना थेंब घालून बसवून ठेवतात. मुले कंटाळतात, पण त्यामागे हे कारण आहे. लहान मुलांचा आत वळणारा तिरळेपणा पुष्कळदा याच दोषामुळे असतो आणि वेळेवर चष्मा दिल्यास तो सुधारू शकतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

चाळिशी म्हणजे काय

आपल्या मराठी भाषेने एक फार चांगला शब्द दिला आहे, तो म्हणजे चाळिशी. वय आणि चष्मा दोन्हींना एकच नाव. डॉन्डर्स यांच्या आधी वैद्य चाळिशी आणि वर सांगितलेला आखूड डोळ्याचा दोष एकाच टोपलीत टाकत, कारण दोन्हींना फुगीर भिंग लागते. डॉन्डर्स यांनी दोन्ही वेगळे केले. आखूडपणा हा डोळ्याच्या घडणीतला दोष आहे आणि तो बहुधा लहानपणापासून असतो. चाळिशी हा दोषही नाही आणि रोगही नाही. ते वय आहे.

डोळ्यातले भिंग वयाबरोबर कठीण होत जाते आणि त्याची फुगण्याची शक्ती कमी होते. डॉन्डर्स यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांना जवळात जवळ किती अंतरावरचे स्पष्ट दिसते, हे मोजून कोष्टक तयार केले. त्यावरून दहा वर्षांच्या मुलाला सुमारे ७ सेंटिमीटरवरचे दिसते. विसाव्या वर्षी हे अंतर सुमारे १० सेंटिमीटर, चाळिसाव्या वर्षी सुमारे २२ सेंटिमीटर, पन्नाशीला ४० सेंटिमीटर आणि साठीला सुमारे एक मीटर होते. म्हणजे चाळिशी चाळिसाव्या वर्षी अचानक येत नाही. ती लहानपणापासून हळूहळू येत असते. पुस्तक धरायला हात अपुरे पडू लागले म्हणजे आपल्याला ती कळते, एवढेच. यात लाजण्यासारखे काही नाही आणि घाबरण्यासारखेही नाही.

गरिबांचे नेत्ररुग्णालय

डॉन्डर्स यांच्याकडे येणाऱ्यांत गरीब रोगी पुष्कळ असत. त्यांच्यासाठी १८५८ मध्ये उत्रेख्त येथे लोकांच्या देणग्यांतून नेत्ररुग्णालय उघडण्यात आले. गरजू आणि अल्प उत्पन्नाच्या नेत्ररुग्णांसाठी हे इस्पितळ आहे, असे त्याच्या नावातच लिहिलेले होते. तेथे रोग्यांवर उपचार होत, विद्यार्थ्यांना शिकवले जाई आणि संशोधनही चाले. देशोदेशीचे तरुण डॉक्टर तेथे शिकायला येत. पुढे १८९४ मध्ये रुग्णालय नव्या, मोठ्या इमारतीत गेले आणि त्या रस्त्याला डॉन्डर्स यांचेच नाव आहे. पहिल्या जुन्या इमारतीत आता हॉटेल आहे.

हॉलंड देशाचे भिंगाशी नाते जुनेच. मिडलबर्गच्या चष्मेवाल्या लिपरहे याने १६०८ मध्ये दुर्बिणीच्या हक्कासाठी अर्ज केला होता. डेल्फ्टच्या लेवेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म जंतू पाहिले. बारूख स्पिनोझा, ज्यांना अ‍ॅमस्टरडॅमच्या यहुदी जमातीने १६५६ मध्ये बहिष्कृत केले, तेही भिंगे घासून पोट भरत. या कारागिरांनी भिंग बनवले. ते कोणत्या डोळ्याला लावायचे, याचा हिशेब दोनशे वर्षांनंतर त्याच देशात मांडला गेला.

भिंतीवरचा तक्ता

डॉन्डर्स यांचे सर्वांत नावाजलेले शिष्य आणि सहकारी म्हणजे डॉ. हर्मन स्नेलेन. त्यांचा जन्म १८३४ मध्ये उत्रेख्तजवळील झाइस्ट येथे झाला. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, वर एक मोठे अक्षर आणि खाली ओळीओळीने लहान होत जाणारी अक्षरे, तो मुळात स्नेलेन यांचा. तो १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी वैद्य रोग्याला छापील मजकूर वाचायला देत. पण शब्दाचा अंदाज करून वाचणारा हुशार माणूस त्यात वैद्याला सहज फसवी, आणि एका गावचे मोजमाप दुसऱ्या गावी उपयोगी पडत नसे.

स्नेलेन यांनी अक्षराची उंची आणि त्याच्या रेघेची जाडी यांचे माप ठरवून दिले. उंची रेघेच्या पाचपट. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याने वाचायची ओळ सुमारे ९ मिलिमीटर उंचीची असते. डॉक्टर कागदावर ६/६ किंवा ६/१२ लिहितात. त्यातला वरचा आकडा आपण किती मीटरवर बसलो ते सांगतो आणि खालचा आकडा तीच ओळ निरोगी डोळा किती मीटरवरून वाचतो ते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी स्नेलेन यांनी तीन पायांच्या फणीसारखी खूण केली. तिची तोंडे कोणत्या बाजूला आहेत, हे हाताने दाखवायचे.

या खुणेविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपल्यापैकी कित्येक जण मुंबईत मराठी अक्षरांचा तक्ता वाचत होते. या देशात आल्यावर नव्या लिपीचा तक्ता समोर आला. डोळे ठीक असून अक्षर ओळखू येईना, अशी आपल्या आईवडिलांची पंचाईत होत असे. तेव्हा ही खूण कामाला आली. हात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढे केले की झाले. भाषा न विचारता माणसाचे डोळे तपासण्याची ही सोय उत्रेख्तच्या त्या रुग्णालयातून आली.

ग्रंथ आणि इतर कार्य

१८६४ मध्ये डॉन्डर्स यांचा डोळ्यांच्या भिंगदोषांवरील मोठा ग्रंथ लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने इंग्रजीत प्रसिद्ध केला. मूळ डच हस्तलिखिताचे भाषांतर डब्लिनच्या डॉ. मूर यांनी केले होते. दोन वर्षांनी त्याचे जर्मन भाषांतर निघाले. आडव्या-उभ्या रेषा सारख्या स्पष्ट न दिसण्याचा दोष, ज्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो, त्याचाही कसून अभ्यास या ग्रंथात होता. चष्म्याचा नंबर काढण्याचे काम या ग्रंथामुळे फेरीवाल्याच्या पेटीतून उठून वैद्यकीय महाविद्यालयात गेले.

एवढे नाव झालेले असताना, १८६२ मध्ये उत्रेख्त विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राची जागा मोकळी झाली आणि डॉन्डर्स आपल्या जुन्या आवडीच्या विषयाकडे वळले. रोग्यांचे काम हळूहळू स्नेलेन यांच्याकडे गेले. १८६६ मध्ये डॉन्डर्स यांची नवी प्रयोगशाळा उघडली. तेथे त्यांनी माणसाला एखादा निर्णय घ्यायला किती वेळ लागतो, हे मोजून दाखवले. विचारालाही वेळ लागतो आणि तो मोजता येतो, ही त्या काळी अजब गोष्ट होती. नाइमेखेन शहरातील मेंदूसंशोधनाच्या मोठ्या संस्थेला त्यांचे नाव आहे ते यामुळेच. रडताना डोळे घट्ट का मिटतात, याविषयी इंग्लंडच्या चार्ल्स डार्विन यांनी त्यांचाच सल्ला घेतला. हॉलंडमधील रेल्वे कर्मचाऱ्यांना लाल व हिरवा रंग नीट ओळखता येतो की नाही, याची तपासणीही डॉन्डर्स यांनी केली. रेल्वेत नोकरी केलेल्या आपल्या वाचकांना या तपासणीचे महत्त्व ठाऊक असेल.

घर आणि अखेर

बाहेर मानसन्मान मिळत असताना घरी मोठे दुःख आले. त्यांना एकच मुलगी होती, मारी. तिचे लग्न त्यांचे सहकारी डॉ. एंगेलमान यांच्याशी झाले. १८७० मध्ये जुळ्यांच्या बाळंतपणात ती गेली. हजारोंचे डोळे सुधारणाऱ्या वैद्याला आपली एकुलती एक मुलगी वाचवता आली नाही. त्यांनी काम सोडले नाही, जावयाशी असलेले नातेही तोडले नाही. पुढे एंगेलमान हेच विद्यापीठात त्यांच्या जागेवर आले. १८८७ मध्ये त्यांच्या पत्नी वारल्या.

हॉलंडच्या कायद्याप्रमाणे सत्तराव्या वर्षी प्राध्यापकाला निवृत्त व्हावे लागे. २७ मे १८८८ रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस उत्रेख्तने थाटाने साजरा केला. देशोदेशीच्या चाहत्यांनी जमवलेल्या रकमेतून तरुण संशोधकांना मदत करण्यासाठी त्यांच्या नावाचा निधी उभा राहिला. त्याच वर्षी ब्रामिने हुब्रेख्त या चित्रकर्तीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. तिने काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. पण हे सुख थोडेच दिवसांचे ठरले. २४ मार्च १८८९ रोजी उत्रेख्त येथे त्यांचे निधन झाले. १९२१ मध्ये शहरातील यान्सकेर्कहोफ चौकात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. स्नेलेन १९०८ मध्ये वारले.

वाचकहो, मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांची आपण आठवण ठेवतो, आणि ठेवायलाच हवी. डॉन्डर्स यांचे काम तितके डोळ्यांत भरणारे नव्हते. त्यांनी रोग्याला नीट मोजले आणि सांगितले की तू आंधळा होणार नाहीस, आळशीही नाहीस, तुझ्या डोळ्यांवर नुसता जास्तीचा भार आहे. तो भार काचेच्या एका तुकड्याने उतरला आणि माणसाची भाकरी त्याच्या हातात राहिली. आमच्या मते हे फार मोठे पुण्यकर्म आहे.

म्हणून वडीलधाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. अक्षरे पुसट होऊ लागली तर आता वय झाले असे म्हणून सिद्दूर मिटून ठेवू नका आणि घरातल्या कोणाचा तरी जुना चष्मा लावून वेळ मारून नेऊ नका. कुपत होलिमच्या दवाखान्यात जाऊन डोळे तपासून घ्या. भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसाल तेव्हा उत्रेख्तच्या या दोन गुरुशिष्यांची आठवण अवश्य काढा.

डॉ. डॉन्डर्स यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.